त्रिकोणाचा तिसरा कोन : कर्नल विल्यम लॅम्ब्टन

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे ७५ किलोमीटर अंतरावर हिंगणघाट लागते. वेणा नदीच्या काठचे हे गाव कापसाच्या बाजारपेठेमुळे दूरवर ओळखले जाते. व्यापाराच्या निमित्ताने आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचे येथे जाणे-येणे असते. परंतु ज्या गृहस्थांनी साध्या त्रिकोणाच्या साहाय्याने कन्याकुमारीपासून विदर्भापर्यंतची भूमी मोजली, त्यांची कबर याच गावात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे नाव कर्नल विल्यम लॅम्ब्टन. २० जानेवारी १८२३ रोजी हैदराबादहून नागपूरकडे येत असताना हिंगणघाटच्या मुक्कामी त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी स्वतंत्र वर्धा जिल्हा अस्तित्वात नव्हता, तो पुढे १८६२ मध्ये झाला. हिंगणघाट तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातच होते.

लॅम्ब्टन यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, नॉर्थअॅलर्टनजवळच्या एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. जन्मवर्षाबद्दल चरित्रकारांत एकमत नाही, मात्र ते १७५० नंतरच्या पाच-सहा वर्षांतील असावे. घरची स्थिती बेताची असली तरी गणितातील गती लहानपणीच दिसून आल्याने शिक्षण मिळाले. १७८१ मध्ये ते सैन्यात दाखल झाले आणि अमेरिकेत रवाना झाले. युद्ध संपल्यावर कॅनडातील न्यू ब्रुन्सविक प्रांतात बराकींची व्यवस्था पाहण्याचे साधे काम त्यांच्याकडे आले. तेथे ते सुमारे तेरा वर्षे राहिले. सहकारी रिकामा वेळ इतर गोष्टींत घालवीत असताना लॅम्ब्टन गणित आणि खगोलशास्त्राचे ग्रंथ वाचीत होते. याच काळात काळ्या काचेविना सूर्यग्रहण पाहिल्यामुळे त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी अधू झाली. ज्या माणसाचे पुढील आयुष्य दुर्बिणीतून दूरच्या खुणा न्याहाळण्यात जावयाचे होते, त्याच्या बाबतीत हे घडावे, हा एक विचित्र योग म्हणावा लागेल.

१७९६ च्या सुमारास त्यांची पलटण हिंदुस्थानात आली. पलटणीचे प्रमुख होते आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आलेले सेनानी. १७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत लॅम्ब्टन जनरल बेअर्ड यांच्या तुकडीबरोबर होते. एका रात्री तुकडी दक्षिणेकडे निघाली आहे असे सर्वजण समजत असताना लॅम्ब्टन यांनी ताऱ्यांकडे पाहून ती उत्तरेकडे, म्हणजे थेट शत्रूच्या दिशेने, चालली असल्याचे सेनापतीस सांगितले. सेनापतींनी प्रथम ते मनावर घेतले नाही. नंतर होकायंत्र पाहिले, तेव्हा लॅम्ब्टन यांचेच म्हणणे खरे ठरले. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर त्यांनी मद्रास सरकारपुढे एक योजना मांडली. द्वीपकल्पाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी टाकून भूमीचे अचूक मापन करावे, आणि त्याच वेळी पृथ्वीचा खरा आकारही शोधावा, अशी ती योजना होती. वेलस्ली यांच्या शिफारशीने तिला मान्यता मिळाली. या कामाच्या आरंभी लॅम्ब्टन यांनी वयाची पंचेचाळिशी ओलांडलेली होती.

त्यांचे कार्य समजण्यासाठी शाळेत शिकलेली भूमिती थोडी आठवावी लागते. कोणत्याही सपाट त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, म्हणजे दोन काटकोनांइतकी असते. याची सिद्धता दोन ओळींत सांगता येते. त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर अशी रेषा काढावी. पायाजवळचे दोन्ही कोन व्युत्क्रम कोन या नात्याने त्या रेषेवर, शिरोबिंदूच्या डाव्या-उजव्या अंगास, जसेच्या तसे येऊन बसतात. त्या दोहोंमध्ये शिरोबिंदूचा स्वतःचा कोन असतोच. तिघे मिळून एक सरळ रेषा पूर्ण करतात, आणि सरळ रेषेवरील कोन १८० अंशांचा असतो.

या नियमाचा भूमापनात फार मोठा उपयोग आहे. त्रिकोणाची एक भुजा आणि तिच्या दोन टोकांवरील कोन माहीत असले, की तिसरा कोन वजाबाकीने मिळतो. भुजा आणि तिच्यासमोरील कोनाची ज्या यांचे गुणोत्तर तिन्ही भुजांच्या बाबतीत एकच असल्यामुळे उरलेल्या दोन्ही भुजाही गणिताने काढता येतात. त्यांच्यामध्ये नदी असो, अरण्य असो वा डोंगर असो, पायी चालत जाऊन त्या मोजण्याची गरज राहत नाही. अशा प्रकारे मिळालेली भुजा पुढच्या त्रिकोणाचा पाया होते, त्यावर आणखी एक त्रिकोण उभा राहतो, आणि ही साखळी शेकडो मैल चालू शकते. प्रत्यक्ष जमिनीवर मोजावी लागते ती एकच रेषा, आणि पुढे मधूनमधून पडताळ्यासाठी आणखी काही.

त्रिकोण हा विषय आपल्या भूमीला नवा नव्हता. इ. स. ८५० च्या सुमारास राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष यांच्या राजवटीत आचार्य महावीर यांनी रचलेल्या गणितसारसंग्रह या ग्रंथात क्षेत्रगणिताचे स्वतंत्र प्रकरण असून सम, द्विसम आणि विषम अशा तीन प्रकारच्या त्रिकोणांचा विचार केलेला आहे. हा ग्रंथ १९१२ मध्ये मद्रास येथून इंग्रजी भाषांतरासह, तर १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघातर्फे हिंदी अनुवादासह प्रकाशित झाला. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की या परंपरेत त्रिकोणाची ओळख त्याच्या भुजांवरून आणि लंबावरून होते, कोनांच्या अंशांवरून नव्हे. शेताची भुजा दोरीने मोजता येते, म्हणून तिथे कोनाची आवश्यकता भासत नाही. कोनाशी निगडित गणित आपल्याकडे वाढले ते ज्योतिषात, कारण ग्रहांपर्यंत दोरी पोहोचत नाही. त्यातूनच ज्या ही संकल्पना सिद्ध झाली, ती अरबांमार्फत युरोपात गेली, आणि आजच्या साइन या शब्दाचे मूळ ज्या या शब्दापाशीच जाऊन पोहोचते. लॅम्ब्टन आपल्या तंबूत जी कोष्टके उलगडून बसत, त्यांचे एक मूळ असे या भूमीतच होते.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी पहिल्या पायारेषेच्या मापनास प्रारंभ झाला. रेषेची लांबी साडेसात मैल होती. मापनासाठी १०० फूट लांबीची पोलादी साखळी होती. ही साखळी मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून नेली होती, पण दरबारात या वस्तूंची कदर झाली नाही आणि फिरत फिरत ती हिंदुस्थानात आली. साखळी उन्हाने किंचित लांबते, म्हणून ती लाकडी पेट्यांत ताणून ठेवायची, प्रत्येक वेळी उष्णतामापक पाहायचे, आणि मगच पुढे सरकवायची. जवळजवळ चारशे वेळा ही क्रिया करावी लागली, आणि तीही मद्रासच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हात.

कोन मोजण्याचे थिओडोलाइट यंत्र लंडनच्या विल्यम कॅरी यांनी घडविले होते. त्याचे वजन सुमारे अर्धा टन होते आणि त्याच्या आडव्या वर्तुळाचा व्यास तीन फूट. ते घेऊन येणारे जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. मात्र यंत्र शास्त्रीय कामाचे आहे हे कळताच तेथील फ्रेंच गव्हर्नरांनी ते सौजन्याने मद्रासला पाठवून दिले. दोन राष्ट्रांत वैर असतानाची ही गोष्ट आहे. यंत्राचा आकार इतका मोठा का, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. एका अंशाचे ६० भाग केले की कला होते आणि कलेचे ६० भाग केले की विकला. तीन फूट व्यासाच्या वर्तुळाच्या कडेवरही एका विकलेला मिळणारी जागा मिलिमीटरच्या सुमारे साडेचारशेव्या भागाएवढीच असते. सूक्ष्मदर्शकाखाली ती वाचावी लागे. आणि एका विकलेची चूक तीस मैलांवरील खुणेशी जवळपास पाऊण फुटाची होते. साखळीतील पहिल्या त्रिकोणात शिरलेली चूक पुढच्या प्रत्येक त्रिकोणात वारशाने जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे लॅम्ब्टन यांच्या काटेकोरपणाचे मर्म उमगते.

दोन कोन मोजले की तिसरा वजाबाकीने मिळतो, हे वर आलेच आहे. मग शक्य तेथे तिसरा कोनही प्रत्यक्ष मोजण्याचा लॅम्ब्टन यांचा आग्रह कशासाठी होता? तिसऱ्या कोनासाठी अर्ध्या टनाचे यंत्र माणसांच्या खांद्यांवरून आणखी एका डोंगरमाथ्यावर चढवावे लागे. झाडी तोडावी लागे, पाणी वाहून न्यावे लागे आणि दूरवरची निशाणे स्पष्ट दिसेपर्यंत दिवसेंदिवस थांबावे लागे. हवा स्वच्छ राहावी म्हणून पावसाळ्यात काम करावे, तर जंगलातील हिवताप. खर्च तर वाढतच असे. परंतु वजाबाकीने काढलेल्या कोनात पहिल्या दोन कोनांतील चूक मुकाट्याने लपून बसते. बेरीज नेहमीच १८० येते, कारण ती तशी आणलेली असते. प्रत्यक्ष मोजलेला तिसरा कोन मात्र साक्षीदारासारखा असतो. पहिल्या दोघांत काही दोष असेल, तर बेरीज जुळत नाही आणि दोष उघडा पडतो.

येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट होती. मोठ्या त्रिकोणाचे तिन्ही कोन अगदी निर्दोष मोजले, तरीही त्यांची बेरीज १८० अंश येत नाही. ती थोडी अधिक येते. शाळेतील सिद्धतेत समांतर रेषा गृहीत धरलेली आहे आणि तिला सपाट पृष्ठ लागते. पृथ्वी तर गोलाकार. विषुववृत्तावरून दोन रेखावृत्ते सरळ उत्तरेस निघाली, की दोन्हीही विषुववृत्ताशी काटकोन करतात, म्हणजे १८० अंश येथेच संपले. तरी ती दोन्ही उत्तर ध्रुवावर एकमेकांस मिळतात आणि तेथे तिसरा कोन होतोच. दोन रेखावृत्तांत ९० अंशांचे अंतर असेल, तर त्या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन होतात आणि बेरीज २७० अंश येते. भूमापनातील त्रिकोण इतके प्रचंड नसतात, त्यामुळे ही वाढ अल्प असते. दर सुमारे ७६ चौरस मैलांमागे एक विकला, असे तिचे प्रमाण आहे. तीस मैल भुजेच्या समभुज त्रिकोणात ती सुमारे पाच विकला येते, साठ मैलांच्या त्रिकोणात सुमारे वीस. म्हणजे बेरीज बरोबर १८० अंश आली, तर समाधान मानायचे नाही, कुठेतरी चुकले असे समजायचे. शाळेत शिकविलेले सत्य खोटे नसते, त्याला मर्यादा असते आणि ती कोठे आहे हे ओळखावे लागते, एवढाच याचा अर्थ.

या सर्व खटाटोपाचे महत्त्व मद्रासच्या अधिकाऱ्यांना पटत नसे. श्रीरंगपट्टणला जावयाचे तर पालखीच्या भोयांना सांगितले की ते नेतात, त्यासाठी एवढा खर्च कशाला, असा आक्षेप सरकारी खर्च तपासणाऱ्यांपैकी एकाने घेतल्याची कथा प्रसिद्ध आहे. लॅम्ब्टन यांनी वाद घातला नाही. त्यांच्या त्रिकोणांनी मद्रास ते मंगळूर असे द्वीपकल्प ओलांडले, तेव्हा दोन्ही किनाऱ्यांमधील अंतर पूर्वीच्या नकाशांप्रमाणे सुमारे ४०० मैल नसून ३६० मैलच असल्याचे आढळले. चाळीस मैलांची भूमी कागदावर होती, पण प्रत्यक्षात नव्हती. त्यानंतर टीकेचा सूर बराच खाली आला.

१८०८ मध्ये मात्र असे संकट आले, की सारे कार्यच थांबण्याची वेळ आली. कावेरीच्या सपाट खोऱ्यात डोंगर नाहीत आणि ताडामाडांच्या राईमुळे दूरचे दिसत नाही. म्हणून उंच देवालयांच्या शिखरांचा आधार घ्यावा लागे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर थिओडोलाइट चढविला जात असताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर जाऊन आदळले. तीन फुटी वर्तुळच वाकले. वाकलेल्या वर्तुळावर वाचलेला प्रत्येक कोन खोटा असणार. इंग्लंडहून दुसरे यंत्र मागवावे, तर वर्षे लागणार, आणि मंजुरी मिळेल याचाही भरवसा नव्हता. दुसरा कोणी असता तर चौकशी, खुलासे आणि दोषारोप यांत गुंतला असता. लॅम्ब्टन यांनी यंत्राचा भाग न् भाग सुटा केला आणि आपल्या तंबूचे दार बंद करून घेतले. पाचरी, स्क्रू आणि कप्प्या यांच्या साहाय्याने वर्तुळाची कड केसा-केसाने ओढून पूर्ववत गोल करण्यात त्यांचे सहा आठवडे गेले. यंत्र पुन्हा उभे राहिले आणि पुढे अनेक वर्षे कामी आले. १८३० नंतरच्या दशकात हेन्री बॅरो या कारागिराने त्याची नव्याने दुरुस्ती केली.

दुरुस्त केलेल्या यंत्रावर कितपत विसंबावे, हा प्रश्न अर्थातच शिल्लक होता. त्याचे उत्तर पुन्हा त्रिकोणाच्या बेरजेतच शोधावे लागे, पण बेरीज जुळणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. दोन कोनांतील विरुद्ध दिशेच्या चुका एकमेकींना झाकू शकतात. म्हणूनच काही अंतरावर नवी पायारेषा प्रत्यक्ष मोजून, त्रिकोणांवरून आलेल्या तिच्या लांबीशी ताडून पाहावी लागे. १८१५ मध्ये बिदरजवळ आणि १८२२ मध्ये आपल्या वऱ्हाडात अचलपूरजवळ अशा पायारेषा मोजण्यात आल्या. सुमारे ७८ अंश रेखांशाच्या कडेने कन्याकुमारीकडून उत्तरेस चाललेली ही मुख्य साखळी अशा रीतीने विदर्भात येऊन पोहोचली.

लॅम्ब्टन यांच्याजवळ मोठा फौजफाटा नव्हता. मद्रासच्या भूमापन शाळेतून आलेले जोशुआ डी पेनिंग यांच्यासारखे तरुण सहायक, खलाशी, हमाल आणि निशाण धरणारे स्थानिक लोक, हाच त्यांचा परिवार. या खलाशांची आणि हमालांची नावे कोठे फारशी नोंदली गेलेली नाहीत, ही खेदाची गोष्ट होय. ज्या डोंगरावर यंत्र चढले, तेथे ते त्यांच्याच खांद्यांवरून चढले. १८१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने लॅम्ब्टन यांना सदस्यत्व दिले, तसेच फ्रेंच विज्ञान अकादमीनेही त्यांचा गौरव केला. १८१८ पासून हे सर्वेक्षण मद्रास सरकारकडून गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत आले आणि जॉर्ज एव्हरेस्ट हे तरुण अधिकारी त्यांचे प्रमुख सहायक म्हणून रुजू झाले. तोपर्यंत लॅम्ब्टन थकलेले होते. एकदा हिंदुस्थानात आल्यानंतर ते मायदेशी परत गेले नाहीत.

साखळी आता सातपुड्याकडे निघाली होती. हैदराबादहून देखरेख करणे गैरसोयीचे होऊ लागल्याने मुख्य ठाणे नागपूरला हलविण्याचे ठरले. त्या वेळी नागपूरच्या गादीवर अल्पवयीन तिसरे रघुजी होते आणि १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर कारभाराची सूत्रे रेसिडेंट जेन्किन्स यांच्याकडे होती. फुप्फुसांच्या विकाराने जर्जर झालेले लॅम्ब्टन सत्तरीच्या आसपासच्या वयात, हिवाळ्यात या प्रवासास निघाले. नागपूर अवघे तीन-चार मजलांवर राहिले असताना हिंगणघाट येथे त्यांचा प्रवास संपला. तोपर्यंत सुमारे १,६५,००० चौरस मैलांचा प्रदेश त्रिकोणांच्या जाळ्यात आला होता.

नागपूरकरांच्या मनात या सर्वेक्षणाचे नाव झिरो माइलच्या स्तंभाशी जोडलेले आहे. तेथील दगडावर महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची इंग्रजी आद्याक्षरे आहेत, त्यामुळे तो लॅम्ब्टन यांनीच उभारला असे सांगणारेही भेटतात. तो दगड १९०७ मधील, म्हणजे त्यांच्या निधनानंतर ८४ वर्षांनी बसविलेला आहे. शिवाय तो समुद्रसपाटीपासूनची उंची दर्शविणारा आहे (ती १०२०.१७१ फूट नोंदलेली आहे), त्रिकोणांच्या साखळीतील बिंदू नव्हे. स्वतः लॅम्ब्टन नागपूरला पोहोचलेच नाहीत.

त्यांच्या मागे कामाची धुरा एव्हरेस्ट यांच्याकडे आली. स्वभावाने दोघे अगदी भिन्न होते. लॅम्ब्टन शांत आणि मितभाषी, तर एव्हरेस्ट तापट. एव्हरेस्ट यांनी यंत्राचे वर्तुळ प्रत्येक वेळी ठरावीक अंशांनी फिरवून तोच कोन वर्तुळाच्या निरनिराळ्या भागांवर पुनःपुन्हा वाचण्याची पद्धत रूढ केली, जेणेकरून वर्तुळातील दोष आपोआप विभागले जावेत. मध्य भारतातील साखळीचा काही भाग त्यांनी अधिक चांगली यंत्रे आल्यावर नव्याने मोजला. १८४१ मध्ये मुख्य साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पूर्ण झाली, तिची लांबी सुमारे २४०० किलोमीटर भरली. याच जाळ्याचा विस्तार होऊन १८५२ मध्ये राधानाथ सिकदार यांच्या गणिताने जगातील सर्वोच्च शिखराची उंची समजली आणि १८६५ मध्ये त्या शिखरास एव्हरेस्ट यांचे नाव देण्यात आले. लॅम्ब्टन यांच्या नावाचे शिखर हिमालयात नाही. तंजावरला आदळलेले त्यांचे यंत्र डेहराडूनला भारतीय सर्वेक्षण विभागाने जपून ठेवले आहे, आणि ते स्वतः हिंगणघाटला आहेत.